एकच ट्यूब घरभर

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी चिपळूणची, वय 36. जूनपासून जांघेत आणि कमरेवर गोल चट्टे आलेत, खाज इतकी की रात्री झोप नाही. मेडिकलमधून ट्यूब आणली, लावली की चार दिवसांत जातं आणि बंद केली की परत येतं, आधीपेक्षा मोठं. आता मिस्टरांना आणि मुलालाही झालंय, सगळे तीच ट्यूब लावतो. सासूबाईंच्या पाठीवर पण एक फिकट चट्टा आहे पण त्यांना खाजत नाही, त्यांना लावली तर चालेल ना?

उत्तर: ताई, आधी ती ट्यूब बाजूला ठेवा आणि तिच्यावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइड्स आहेत. तुम्ही सांगता त्यावरून हा गजकर्ण वाटतो, म्हणजे बुरशी. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते म्हणून बरं वाटतं, पण बुरशी आत पसरतच राहते, चट्ट्याची कड पुसट होते आणि मग आम्हालाही ओळखायला अवघड जातं. जांघेची त्वचा आधीच नाजूक, तिथे महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन रेषा पडतात, त्या पुन्हा जात नाहीत. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल, तेव्हा घाबरून परत तीच लावू नका प्लीज.

स्किनच्या डॉक्टरांकडे जा. चट्ट्याची कड खरवडून केओएच नावाची साधी टेस्ट करतात, बुरशी मायक्रोस्कोपखाली दिसते. हल्ली आपल्याकडे जो गजकर्ण दिसतो त्यातल्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध बऱ्याचदा चालत नाही, म्हणून इट्राकोनाझोल द्यावं लागतं, तेही काही आठवडे. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, अॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, हार्टचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. डॉक्टर देतील ते मलम चट्ट्यावर आणि त्याच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं आणि दिसेनासं झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. तिघांचे उपचार एकाच वेळी करा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला होत राहणार. टॉवेल वेगळे, आणि तुमच्या कोकणातल्या पावसात कपडे वाळत नाहीत हे मला माहितीय, पण दमट अंतर्वस्त्रं घालू नका, उलटी करून गरम इस्त्री फिरवा.

आता सासूबाई. तुम्ही शेवटी सहज लिहिलंत पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. त्यांना डोळे मिटायला सांगा, चट्ट्यावर कापसाचं टोक हलकेच टेकवा आणि कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगा. तिथे कळत नसेल तर कुष्ठरोग असू शकतो, असेलच असं नाही. कळलं तरी एकदा दाखवाच. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, साधारण 6 किंवा 12 महिन्यांचा कोर्स असतो, लवकर सुरू केला तर हातापायांचं नुकसान टळतं. तोवर त्यांना कसलीच ट्यूब लावू नका, याच आठवड्यात घेऊन जा.