कोलोनोस्कोपी नॉर्मल, तरी रोज सकाळी पोट बिघडतं: सुया टोचून घ्याव्यात का?

ताई, तीन वर्षं ऑफिसला निघायच्या आधी तीन-तीनदा शौचाला जावं लागतं, आधी मुरडा येतो, कोलोनोस्कोपी नॉर्मल आहे आणि डॉक्टर आयबीएस (तपासणीत दोष सापडत नाही, तरी आतडं सारखं बिघडतं असा विकार) म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मावसबहिणीने अ‍ॅक्युपंक्चर आणि सोबत चिनी पावडर सुचवली आहे. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, सिलिअ‍ॅकसाठीची टीटीजी तपासणी (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणारा हा आजार रक्तातून शोधणारी) आणि थायरॉइड झालंय का? नसेल तर आधी ते करा, आणि ते होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू बंद केला की टीटीजी खोटा नॉर्मल येऊ शकतो. शौचावाटे रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही असलं तर सुयांचा विचार सोडा आणि पोटविकारतज्ज्ञांकडे परत जा.

आम्ही नऊ वर्षं सिंगापूरला होतो. तिथे चिनी वैद्याला लोक 'सिन्से' म्हणतात आणि 2000 सालच्या कायद्याने त्यांना सरकारी मंडळाकडे नोंदणी करावीच लागते. शेजारणीने मला अशाच एका बाईंकडे नेलं. पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. थंड पाणी पिता का? शौचाला जाऊन आल्यावर हलकं वाटतं की गळून जायला होतं? घरात वादावादी झाली की पोट दुखतं का? या शेवटच्या प्रश्नाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग जीभ पाहिली. कडांवर दातांचे ठसे, वर पांढरा थर. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि सांगितलं, यकृत प्लीहेवर कुरघोडी करतंय.

असं काही ऐकलंत तर घाबरून सोनोग्राफी करायला धावू नका. चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे रिपोर्टात दिसणारी प्लीहा नव्हे. अन्न पचवून त्याचं सत्त्व अंगभर पोचवायचं काम त्यांच्या शास्त्रात तिच्याकडे आहे. आपल्याकडे अग्नी मंद झालाय म्हणतात, साधारण त्या जातीची ही भाषा आहे.

सुया केसासारख्या बारीक असतात. प्लास्टिकच्या छोट्या नळीतून टिचकी मारून आत सोडतात, टोचल्याचं जेमतेम कळतं. मला आठवते ती गुडघ्याखालची. वाटीच्या खाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बोट, या जागेला झू-सान-ली म्हणतात आणि पोटाच्या तक्रारीत ती जवळजवळ प्रत्येकाला वापरतात. सुई जराशी फिरवली आणि पायात खोलवर जडपणा उतरला, घोट्यापर्यंत. दुखणं वेगळं, हे वेगळं. त्या बाई म्हणाल्या, हीच 'दे-ची', सुई लागू पडल्याची खूण. बाकीच्या सुया बेंबीच्या दोन्ही बाजूंना, बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मधोमध आणि मनगटाच्या आतल्या बाजूला. अर्धा तास पडून राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून पोटात गुडगुड सुरू व्हायची आणि मला गाढ झोप लागायची.

सहा आठवड्यांत, आठवड्याला दोनदा जाऊन, सकाळच्या फेऱ्या तीन-चारवरून एक-दोनवर आल्या. मुरडा गेला नाही, पण त्याची धास्ती गेली. हे सुयांनी झालं, त्या बाईंच्या विचारपुशीने झालं की सकाळचं गार दूध बंद करून मऊ भात सुरू केला त्याने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अभ्यासांचं चित्रही असंच संमिश्र आहे. बद्धकोष्ठावर चीनमधल्या 15 रुग्णालयांत 1075 रुग्णांवर विद्युत-अ‍ॅक्युपंक्चरची (सुयांतून सौम्य वीज सोडण्याची) चाचणी झाली, 2016 साली ती प्रसिद्ध झाली आणि खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नावापुरत्या दिलेल्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांचा फायदा स्पष्ट दिसला. जेवणानंतर पोट जड होणाऱ्यांसाठीही 2020 मध्ये चांगले निकाल आले. पण तुमचं दुखणं आयबीएसचं आहे, आणि 2012च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) आयबीएसमध्ये खऱ्या आणि खोट्या सुयांत फरक सापडला नाही. 2008 साली हार्वर्डच्या मंडळींनी 262 आयबीएस रुग्णांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसती वाट पाहणाऱ्यांत 28 टक्क्यांना पुरेसा आराम पडला, खोट्या सुया घेणाऱ्यांत 44, आणि त्याच खोट्या सुया देताना वैद्याने आपुलकीने ऐकून घेतलं तेव्हा 62 टक्क्यांना. मेंदू आणि आतडं एकमेकांशी सतत बोलत असतात, तिथे कुणीतरी नीट ऐकून घेणं हासुद्धा उपचार ठरतो. म्हणून वैद्य निवडताना तो किती वेळ बसवून ऐकतो हे जरूर बघा.

पावडरीबद्दल मात्र मी कडक आहे. चिनी वनौषधी निरुपयोगी असतात असं नाही. वेदनेसह होणाऱ्या जुलाबांवर त्यांचं चार औषधींचं जुनं सूत्र आहे, त्यात वाळवलेली संत्रासाल असते. ऑस्ट्रेलियात 1998 साली 116 आयबीएस रुग्णांवरच्या चाचणीत चिनी औषधांनी बरं वाटल्याचंही दिसलं होतं. पण बेल्जियममध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरीच गेली, आणि तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. माझ्या आईला पुण्यात एका ठिकाणी बिनलेबलची पुडी दिली होती. आत काय आहे विचारलं तर 'सगळं नैसर्गिक' एवढंच उत्तर मिळालं. ती पुडी मी टाकून दिली. घटकांची यादी नसलेलं काहीही घेऊ नका.

सुयांसाठी आपल्याकडे सोय बरी आहे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. (सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 साली ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून कोलकात्यात आणली.) सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. छातीवर आणि खांद्यावर खोल सुई घेऊ नका, फुप्फुसाला लागू शकते, आणि पोटाच्या तक्रारीला तिथे सुईची गरजही नसते.

आठ वेळा जायचं ठरवा. आधीचे दोन आठवडे वहीत रोजच्या फेऱ्या आणि मुरड्याला दहापैकी गुण लिहून ठेवा, उपचार चालू असतानाही लिहा. आठ वेळांनंतर आकडे हलले नाहीत तर पैसे वाचवा. डॉक्टरांच्या गोळ्या मधेच बंद करू नका. जाताना अगदी उपाशी जाऊ नका, चक्कर येते, आणि गुडघ्याच्या वर सहज सरकेल अशी सैल सलवार घाला.