आधी त्याचं म्हणणं सांग

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आरक्षणावरच्या बैठकीत जुंपली, एकजण तावातावाने उठून गेला, आणि आता 'तू नक्की कुणाच्या बाजूची?' म्हणून सगळे तुलाच धरतायत. गट चालवायचा की मोडायचा, ते तुझं तू ठरव. पण 'सर्वांनी शांतपणे, आदराने बोलावे' ही जी नियमावली जोडली आहेस, ती आधी फाडून टाक. ज्याच्या आजोबांना पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं, त्याच्यावर शांतपणाची सक्ती कसली करतेस? चिडू दे. नियम एकच: स्वतःचं मत मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की तो म्हणेल, 'हो, हेच म्हणतोय मी.' 'नाही' म्हणाला, तर पुन्हा सांगायचं.

वाटतं तेवढं हे सोपं नाही. १४ ऑगस्ट १९३१ ला आपल्या मुंबईतल्या मणिभवनात गांधीजी आणि बाबासाहेब पहिल्यांदा भेटले. बाबासाहेब स्वतः अस्पृश्य समाजातले आहेत, हे गांधीजींना तेव्हा ठाऊकच नव्हतं. कुणी कळकळीचा ब्राह्मण असावा असा त्यांचा समज होता. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंनी तशी नोंद करून ठेवलीय. एवढी मोठी माणसं, आणि समोर कोण बसलंय याचाच पत्ता नाही! मग तुमच्या कालिन्याच्या विद्यापीठातल्या कॅन्टीनची काय कथा. म्हणून म्हणतो, आधी त्याचं म्हणणं सांग. ते सांगायचं तर आधी विचारावं लागतं, आणि तिथेच सगळे कंटाळतात.

त्या उठून गेलेल्या मुलाला फोन कर. 'परत ये' म्हणून विनवू नकोस. त्याचं म्हणणं तुला काय कळलं ते सांग, आणि तो काय दुरुस्त करतो ते लिहून घे.

आणि निःपक्ष राहायचं खूळ डोक्यातून काढ. मी आरक्षणाच्या बाजूचा. वर्गात कधी लपवलं नाही. तरी विरोधकांची बाजू मी फळ्यावर लिहायचो आणि त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचो. स्टाफरूममध्ये मला 'कुंपणावरचा' म्हणत, तेही माझ्याच बाजूचे. एका वर्षी कॉलेजने आमची चर्चेची खोली काढून घेतली, तर आम्ही जिन्यात बसलो. कुंपणावरचा माणूस जिन्यात कशाला बसेल? असो. तुला हे सांगून काय उपयोग.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र ऐक. तू बैठक संध्याकाळी सहाला ठेवतेस. बदलापूर-विरारची पोरं साडेसहापासून घड्याळ बघतात. ती निघाली की उरतात हॉस्टेलवाले आणि जवळपास राहणारे. ठराव त्यांचा, नाव सगळ्यांचं. त्यात बोलणं इंग्रजीत सरकलं की मराठी माध्यमातली मुलगी गप्प होते आणि तुम्ही तिचा होकार धरून चालता. जी बोललीच नाही, तिचं म्हणणं तू कसं सांगणार? पुढची बैठक दुपारी ठेव, आणि ज्याला ज्या भाषेत रागावता येतं, त्या भाषेत बोलू दे.

तुझा,
सर