पडद्याचा गॅमा: बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दांडिया बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्या मुलाच्या काळ्या कोटाच्या घड्या पडद्यावर नीट दिसतात, पण छापून आलं की सगळं काळं. गॅमा किती ठेवू?

उत्तर: आधी ब्राइटनेस उतरवा. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून भडक लावूनच येतात आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद करा. मग शेजारी कोरा कागद धरून पडद्यावरचं पांढरं त्याच्या जवळपास आणा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

त्यानंतर गॅमा, म्हणजे चित्रातल्या छटेच्या आकड्याला पडदा किती उजेड देतो ते ठरवणारा आकडा, आणि तो २.२. गॅमा बदलल्याने पूर्ण काळं किंवा पूर्ण पांढरं हलत नाही, मधल्या छटा हलतात. छटांचे आकडे ० (काळं) ते २५५ (पांढरं) असे असतात. त्यांत १२८ हा आकडा मधोमध येतो, तरी २.२ गॅमाला त्याचा उजेड पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच असतो. निम्मा उजेड १८६ च्या आसपास मिळतो. यावरूनच घरच्या घरी तपासणी करता येते. एक-एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचा पट्टा काढा, त्याला लागून १८६ चा सपाट राखाडी चौकोन ठेवा. मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर हवा आणि चित्र १०० टक्के आकारात. चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. दोन्ही एकसारखे दिसले तर गॅमा बरोबर. चौकोन गडद वाटला तर गॅमा जास्त आहे, फिका वाटला तर कमी.

प्रश्न: मी फाइन आर्ट्सला शिकते. छपाईच्या कामाला १.८ गॅमा हवा, असं आमचे सर सांगतात.

उत्तर: सर जुन्या मॅकवर काम केलेले असणार. तिथे १.८ च होता आणि तेव्हा ते योग्यही होतं. पण २००९ मध्ये आलेल्या स्नो लेपर्ड या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून ॲपलनेही २.२ धरला. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेलं एसआरजीबी हे पडद्यांच्या रंगांचं प्रमाणही २.२ च्या जवळचंच आहे. तुम्ही २.२ वरच राहा. १.८ वर बसून रंगवलेलं चित्र इतरांच्या पडद्यावर गडद दिसेल.

प्रश्न: खुर्चीत खाली सरकलो की चेहरे काळवंडतात, उभा राहिलो की फिके पडतात. (रावपुरा)

उत्तर: तुमच्या मॉनिटरचं पॅनेल (आतला एलसीडी पडदा) टीएन जातीचं दिसतंय. त्यात वरखाली कोन बदलला की मधल्या छटा बदलतात, सेटिंगने ते जात नाही. पडदा डोळ्यांसमोर सरळ ठेवा. रंगाचंच काम असेल तर आयपीएस जातीचं पॅनेल असलेला मॉनिटर घ्या, त्यात काटकसर करू नका.

प्रश्न: विंडोजमध्ये कॅलिब्रेशन (पडद्याच्या रंगांची जुळवणी) केलं, पण गेम खेळल्यावर रंग पुन्हा पहिल्यासारखे!

उत्तर: ती दुरुस्ती ग्राफिक्स कार्डाच्या तक्त्यात (कुठल्या आकड्याला पडद्याकडे काय पाठवायचं याच्या यादीत) बसते आणि काही गेम तो तक्ता पुसून स्वतःचा भरतात. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवरून सिस्टिम डिफॉल्ट बदलायला जा आणि तिथल्या ॲडव्हान्स्डमध्ये ‘विंडोजचं डिस्प्ले कॅलिब्रेशन वापरा’ या चौकटीत खूण करा. पण त्याहीआधी मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांवरून गॅमा २.२ च्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. कार्डावर फार ओढाताण केली की छटा कमी पडतात आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटतात.