चिंतनाच्या वहीत नेमकं लिहायचं काय? (शिक्षण सेवक ताईंच्या प्रश्नाला उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. शिक्षण सेवक म्हणून (म्हणजे कायम होण्याआधीची तीन वर्षं मानधनावर) दुसरं वर्ष, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते तिसरी तुमच्याकडे, प्रशिक्षणात सांगितलं की रोज चिंतनात्मक नोंदी लिहा, म्हणून तुम्ही महिनाभर लिहिल्या आणि आता मागे वळून बघताय तर प्रत्येक पानावर 'आज पाठ चांगला झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हेच. आणि शेवटी विचारलंय की अर्धा दिवस ऑनलाइन माहितीच्या लिंका भरण्यात न् पोषण आहाराच्या हिशोबात जातो, मग मी स्वतःला शिक्षिका म्हणू तरी कशी. मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांवर वीसेक वर्षं शिकवतेय, त्या जोरावर सांगते.

पहिली गोष्ट, तुमच्या नोंदी कोरड्या होतात त्याचं कारण तुम्ही त्यात पाठाबद्दल लिहिताय आणि स्वतःबद्दल लिहिताय, पोराबद्दल लिहीत नाही. 'पाठ चांगला झाला' हे डीएडच्या सराव पाठापासून आपल्या हाताला लागलेलं वळण आहे, तिथं निरीक्षक मागे बसून फलकलेखन, आवाज, शैक्षणिक साहित्य असं बघायचे आणि आपणही तेच बघायला शिकलो. पण वर्ग संपल्यावर विचार करण्यासारखं जे असतं ते पोरांच्या पाटीवर न् वहीत असतं, आपल्या आवाजात नसतं.

उदाहरण घ्या. तिसरीचं पोरगं 52 वजा 27 करतं आणि उत्तर लिहितं 35. हे तुम्हाला दरवर्षी दिसणार, एकाच्या नाही, पाच-सहा जणांच्या वहीत दिसणार. आता याची नोंद दोन तऱ्हेनं होते. एक, 'हातच्याची वजाबाकी येत नाही, अधिक सराव आवश्यक'. दुसरी, पोराला जवळ बसवून 'कसं केलंस, सांग बरं' विचारायचं आणि तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. तो म्हणतो, 'सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.' म्हणजे बघा, वजाबाकी त्याला येते! हिशोब एकही चुकलेला नाही, फक्त प्रत्येक घरात तो मोठ्यातून लहान काढतोय, वर कोण आणि खाली कोण हे बघतच नाही, कारण त्याच्या लेखी 52 ही एक संख्या नाहीच, पाच आणि दोन असे दोन सुटे आकडे शेजारी उभे आहेत. पहिल्या नोंदीनं उद्या तुम्ही त्याला अजून दहा गणितं देणार आणि तो दहाही अशीच करणार, चूक पक्की होणार. दुसऱ्या नोंदीनं उद्या तुम्ही काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवणार आणि म्हणणार, 'यातल्या सत्तावीस मला दे.' दोन सुट्या देऊन झाल्या की तो थांबतो, गठ्ठ्याकडे बघतो, तुमच्याकडे बघतो, आणि मग 'बाई, सोडू का?' असं विचारतो. तो प्रश्न त्याच्या तोंडून आला की अर्धं काम झालं.

आता यात चिंतन कुठं आहे? पोरानं काय केलं, का केलं असेल, आणि म्हणून मी उद्या काय करणार, एवढ्यातच आहे. तीन-चार ओळी पुरतात. आज 'भारावून गेले' की 'निराश वाटलं' हे लिहायचं तर लिहा, पण ते मागे राहू द्या.

डोनाल्ड शॉन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1983 मध्ये यावर लिहिलं, त्याचं नाव तुमच्या प्रशिक्षणाच्या पीपीटीत नक्की असेल. त्यानं वास्तुविशारद, इंजिनियर, मानसोपचार करणारे अशा लोकांचं काम बघून दोन गोष्टी वेगळ्या केल्या, काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर त्यावर केलेला विचार. वर्गात पहिला विचार सतत चालू असतो, पोराचा चेहरा बघून आपण उदाहरण बदलतो, कुणाला फळ्याकडे बोलावतो, कुणाला नाही. तो इतका झरझर होतो की संध्याकाळपर्यंत विसरून जातो. वही त्याच्यासाठी आहे, विसरायच्या आत पकडून ठेवायला. आणि हे सगळं परदेशातून आलेलं आहे असं समजू नका हं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद ही शाळा सुरू केली, त्याआधी त्या शिक्षकांना घडवण्याचं काम करत होत्या, पण मुलांबरोबर रोज काय घडतं ते बघत, लिहीत आणि त्यावर पुढचं ठरवत त्यांनी शाळा चालवली. मराठी शाळेत, मराठी शिक्षकांनी.

दुसरं असं की आपल्याकडे सरकारी पद्धतीत चिंतनाची जागा आहे, पण ती आपणच घालवली. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्णनात्मक नोंदी आल्या, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. मूळ कल्पना फार चांगली होती की शिक्षकानं प्रत्येक पोराकडे बघून त्याच्याबद्दल लिहावं. पुढे काय झालं ते तुम्हालाही माहीतय, तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या आणि राज्यभरातली पोरं एकाच भाषेत 'स्वच्छतेबाबत जागरूक राहते' आणि 'परिपाठात सहभाग घेतो' झाली. मी कुणाला दोष देत नाही, एकेका शिक्षकाकडे तीन-तीन वर्ग आणि प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी, माणूस दुसरं काय करणार. पण त्यातून एक शिकावं, जी वही कुणाला तरी दाखवायची असते ती त्या दाखवण्यासाठीच लिहिली जाते. म्हणून चिंतनाची वही टाचण वहीपासून (रोजच्या पाठाच्या तयारीच्या वहीपासून) वेगळी ठेवा, साधी शंभर पानी, आणि ती भेटीला आलेल्या साहेबांपुढे ठेवायची गरज नाही. रोज लिहायचीही गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी एकदोन पोरं, पण तारीख घाला आणि पोराचं वाक्य जसंच्या तसं लिहा, आपल्या पुस्तकी भाषेत बदलू नका. आणि महिन्यानं मागची पानं वाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकेकट्या नोंदीत काही दिसत नाही, दहा पानं सलग वाचली की दिसतं. कुणाची नावं येतात आणि कुणाची एकदाही येत नाहीत हे पण दिसतं. गप्प बसणाऱ्या मुली बहुतेक वेळा येत नाहीत.

आता शिक्षक म्हणून स्वतःची ओळख, तिकडे येते. तुम्ही लिहिलंय, 'सेवकाची तीन वर्षं अजून पूर्ण व्हायचीत, नावापुढे सेवक आहे.' ताई, ऑर्डरवर काय लिहिलंय त्यानं पगार ठरतो, आणि तो प्रश्न खरा आहे, तो लहान करायचा नाही मला. पण वर्गात आपण कोण आहोत हे कशानं ठरतं, तर आपल्या विषयाबद्दल आणि आपल्या पोरांबद्दल आपलं स्वतःचं, बघून तयार झालेलं मत आहे का, आणि कुणी विचारलं तर 'मी असं करते कारण असं' हे सांगता येतं का, यानं ठरतं.

2019 ची गोष्ट आठवत असेल, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि अख्ख्या महाराष्ट्रात वाद पेटला. टीव्हीवर, विधानसभेत, पेपरात सगळे बोलत होते. आणि ज्यांच्यापुढे रोज दुसरीची पोरं बसतात त्या शिक्षकांतले फार थोडे बोलले, कारण बोलायला हाताशी नोंद नव्हती. माझ्याकडे होती. कोणत्या संख्या पोरं उलट्या लिहितात ते मी आधीपासून टिपत होते. पंचवीस म्हटलं की 52, बावन्न म्हटलं की 25, कारण कानावर एकक आधी पडतो आणि हात तोच आधी लिहितो. एकोणतीस म्हटलं की 39, कारण 'तीस' ऐकू येतं आणि नऊ तर पाठ असतात. यावरून माझं मत असं झालं की सुरुवातीला 'पन्नास दोन, बावन्न' अशी दोन्ही नावं बरोबर म्हणायची, दशक-सुटे पक्के झाले की पहिलं आपोआप गळतं. एकोणवाल्या संख्यांवर वेगळा वेळ द्यायचा. आजही मी तसंच करते. कुणाला पटेल, कुणाला नाही, पटलं नाही तर वाद घालूया, पण ते माझं मत आहे आणि ते माझ्या पोरांच्या पाट्यांवरून आलंय. शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, उभं राहून मी ते बोलू शकते. मला वाटतं शिक्षक असणं म्हणजे हेच.

आमच्याकडचं अजून एक सांगते, कारण यानं माझं शिकवणं सगळ्यात जास्त बदललं. दिवाळीच्या सुमारास आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही पोरं हंगामी वसतिगृहावर मागे राहतात, काही आईबापांबरोबर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलला परत येतात. हजेरीवर त्यांच्या नावापुढे चार-पाच महिने रिकामे असतात आणि शेरा असतो 'सतत गैरहजर', मग 'अप्रगत'. परत आलेल्या पोराला आपण पहिल्याच दिवशी वाचायला लावतो, तो अडखळतो, आपण मान हलवतो. माझ्या वहीत अशा पोरांची पानं वाढत गेली आणि त्यावरून मी क्रम बदलला, आधी आठवडाभर फक्त तिकडचं विचारायचं, मग चाचणी. एका पाचवीतल्या पोरानं सांगितलं की गाडीत किती मोळ्या भरल्या ते तोच मोजायचा, खेपा तोच लक्षात ठेवायचा, आणि टनाच्या भावावरून दिवसाचे किती झाले हे बापाला सांगायचा, मुकादमाचा (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा) आकडा बरोबर आहे का ते बघायला. आणि हाच पोरगा पुस्तकातला गुणाकार बघून गप्प व्हायचा. मग त्याच्याच खेपांची उदाहरणं फळ्यावर आली, आणि लिहायची रीत त्यावरून शिकवली. 'गणितात मागे' हा शेरा त्याच्याबद्दल नव्हताच, कागदावर मांडायच्या रीतीबद्दल होता. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली होती, पोर शाळेत का येत नाही याच्याऐवजी ते कुठं आहे हे त्यांनी आधी बघितलं. आमच्या भागात तो प्रश्न अजून तसाच उभा आहे, हे लिहिताना मला खरंच त्रास होतो.

पाठ बघायला कुणी नाही असं तुम्ही लिहिलंय, द्विशिक्षकीत कोण येणार. एक करा. मोबाईल टेबलावर ठेवून स्वतःच्या तासाची दहा मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड करा (व्हिडिओ नको, आणि कुठं पाठवायचाही नाही, ऐकून पुसून टाका). एकच गोष्ट ऐका, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता. मेरी बड रो या बाईंनी अमेरिकेतल्या वर्गांत हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबायचे, आणि तीन सेकंद थांबायला लागले की मुलांची उत्तरं लांब झाली, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, करून बघा. आमच्याकडे ज्यांच्या घरात वंजारी बोली किंवा लमाणी बोलतात त्या पोरांना तर जास्तच वेळ लागतो, प्रश्न आधी आपल्या बोलीत घ्यायचा, मग उत्तर पुस्तकाच्या मराठीत आणायचं. आणि आपल्या केंद्राच्या (शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत पुढच्या वेळी नाव झाकून एका पोराची वही घेऊन जा आणि चहाच्या वेळी दोघा-तिघांना विचारा, 'हे पोर काय विचार करत असेल?' या एका प्रश्नावर जी चर्चा होते ती दिवसभराच्या पीपीटीवर होत नाही.

आता लिंका आणि अहवालांबद्दल. कृपा करून सगळं स्वतःवर घेऊ नका. चिंतनाच्या नावाखाली 'मीच कमी पडते' असं पानोपान लिहिणाऱ्या तरुण शिक्षिका मी बघितल्यात, आणि मला ते अजिबात मान्य नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाला आठवड्याला किमान 45 तास धरलेत आणि त्यात तयारीचे तास धरून, म्हणजे तुमची तयारी हे कायद्यानंच काम आहे. कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून अशैक्षणिक कामाला शिक्षक लावू नये असं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते आपण जगतो. म्हणून वहीत तेही लिहा, 'आज अकरा ते बारा माहिती भरली, तिसरीचं गणित झालं नाही'. मागची पानं वाचताना महिन्यात असे किती तास गेले ते दिसेल, मग ते घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, मुख्याध्यापकांना द्या, संघटनेला द्या. तक्रारीच्या सुरात बोललं की ऐकत नाहीत, तारखा आणि तास पुढे ठेवले की निदान ऐकून तरी घेतात. माझ्या अनुभवात पालक तर हमखास ऐकतात.

राहिला प्रश्न प्रशिक्षणाला काय जमा करायचं. नवीन शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, त्यामुळे अशा असाइनमेंट येतच राहणार. त्यासाठी वेगळं काही लिहायला बसू नका, वहीतली दोन पानं घ्या, पोराचं नाव काढा, त्यानं काय केलं, तुम्हाला काय वाटलं, दुसऱ्या दिवशी काय केलं आणि त्यानंतर काय झालं एवढं नीट उतरवा. जमलं नसेल तर जमलं नाही असं लिहा, गुण त्याचेही मिळतात, न मिळाले तरी चालेल.

आणि या आठवड्यात तुमच्या दुसरी-तिसरीतलं एखादं चुकलेलं गणित किंवा वाचन सापडलं, तर पोर नेमकं काय बोललं त्यासकट इथं टाका. मी बघते, आणि बाकीचे अनुभवी लोक आहेतच.