माहिती खुली वाटणे मुक्त बाजारपेठेच्या विरोधात जाते का?

नाही, असे माझे ठाम मत आहे. मुक्त बाजारपेठेचा पाया स्पर्धा आहे, तर प्रताधिकार (कॉपीराइट) ही कायद्याने बहाल केलेली मक्तेदारी आहे. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार पुस्तकांच्या बाबतीत ती लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकते. लेखकाला मोबदला मिळायलाच हवा, परंतु इतकी प्रदीर्घ मुदत मला समर्थनीय वाटत नाही.

लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीचे उदाहरण घ्या. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली ज्या जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे, तो विक्रीला मनाई करत नाही. जो ती इतरांना देईल, त्याने मूळ संहिता (सोर्स कोड) आणि स्वतः केलेले बदलही त्याच हक्कांसह द्यावेत, एवढीच त्याची मुख्य अट आहे. संहिता खुली असूनही लिनक्सची देखभाल आणि तांत्रिक साहाय्य विकून रेड हॅट कंपनी इतकी मोठी झाली, की २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

आपल्या लिपीच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरे घडवणाऱ्या संस्थेने घडवलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यामुळे छोट्या प्रकाशकालाही विनामूल्य वापरता येतो आणि त्यात छापलेले पुस्तक तो निर्धास्तपणे विकू शकतो. केवळ तो फॉन्ट सुटा विकण्यास परवाना मनाई करतो.