कांदा चाळीत गेला की सलग लिहा

ताई, लग्नानंतर सुटलेलं लिखाण पुन्हा धरायचंय, पण पहाटे धारा, मग डबे, मग खुरपणी. यात वेळ कुठला, असं विचारलंत. रोज तासभर बसायचा संकल्प करूच नका. शेतकरी घरात तो मृगापर्यंतही टिकत नाही. पेरणीत आणि सुगीत नुसत्या नोंदी ठेवा. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत गेला की मे महिन्यातल्या दुपारी सलग लिहा.

नोंद म्हणजे दोन ओळी. मजुरीचा हिशेब ठेवता ना? त्याच वहीत, त्याच तारखेखाली. निंदायला सहा बायका आल्या, हा हिशेब झाला. त्यातली एक बांधावर भाकरी सोडताना काय म्हणाली, ते लिखाण. भाव पडला त्या रात्री जेवताना घरात कोण कसं वागलं, तेही टिपा.

पंपाला रात्रीची वीज असेल आणि पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला तुम्हीच जात असाल, तर वाफा भरेपर्यंत मोबाईलमध्ये बोलून टाईप करून ठेवा. मोबाईल आपले गावाकडचे शब्द चुकवतो, तेवढं नंतर तपासा.

घरचे वाचतील ही धास्ती सगळ्यांनाच असते. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर कुणाला दाखवूच नका. जावेबद्दल लिहायचंय? बिनधास्त लिहा, वही धान्याच्या कोठीत टाका. (उंदरांचं मात्र बघा.)

आणि शाळेच्या निबंधातला पाऊस नको. तुमच्याकडे पाऊस म्हणजे वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कधी येणार आणि बियाणं उधार मिळणार का, याची चिंता. तिथूनच सुरू करा.