वेळापत्रक, तुकडे आणि फेऱ्या: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सूत रंगवायला मशीन एकच. रोज सात-आठ शेड लागतात आणि शेड बदलली की मशीन धुण्यात वेळ जातो. डाइंग मास्तर 'फिक्याकडून गडदकडे' या नियमाने चालतात. संगणक यापेक्षा चांगला क्रम काढू शकेल का?

उत्तर: मास्तरांचा नियम चांगला आहे, पण तो मशीन स्वच्छ असताना. आदल्या रात्री शेवटचा लॉट नेव्ही ब्लू निघाला असेल आणि सकाळी पांढरा, पिवळा, लाल असे तीन लॉट असतील, तर काय होते ते पाहा. धुण्याची मिनिटे उदाहरणादाखल अशी धरू:

नेव्हीनंतर पांढरा १५०, पिवळा ११०, लाल ४५
लालनंतर पांढरा १००, पिवळा ७०
पिवळ्यानंतर पांढरा ४०, लाल १५
पांढऱ्यानंतर पिवळा १५, लाल १५

फिक्याकडून गडदकडे गेलात तर १५० + १५ + १५ म्हणजे १८० मिनिटे. उलट लाल, पिवळा, पांढरा असे उतरलात तर ४५ + ७० + ४० म्हणजे १५५. उरलेले चारही क्रम मांडून पाहिले तर १६०, १६५, २२५ आणि २३५ येतात. म्हणजे १५५ हाच सर्वांत कमी. शिवाय या क्रमाने संध्याकाळी मशीन पांढऱ्यावर थांबते, त्यामुळे उद्याची सुरुवात स्वस्त. फक्त आजची मिनिटे मोजली की हा फायदा हिशेबात येतच नाही. म्हणून हिशेब दोन दिवसांचा एकत्र करा, किंवा दिवसाचा शेवट गडद शेडवर झाला तर त्याला ठरावीक दंड लावा.

आठ शेडचे ४०,३२० क्रम होतात. साधा प्रोग्राम ते सगळे क्षणात तपासतो, तिथे हुशारीची गरज नाही. १५ शेड झाल्या की हाच आकडा १ लाख ३० हजार कोटींच्या पुढे जातो. तेव्हा हेल्ड आणि कार्प यांची १९६२ ची डायनॅमिक प्रोग्रामिंगची रीत वापरावी: 'आतापर्यंत कोणत्या शेड झाल्या आणि शेवटची कोणती' एवढेच लक्षात ठेवायचे. तिथे पोचण्याचा स्वस्तातला रस्ता एकदा जपून ठेवला की बाकीचे रस्ते विसरायचे. काम सुमारे ७४ लाख पायऱ्यांवर येते आणि उत्तर तरीही अचूक मिळते.

अडचण गणितात येत नाही, धुण्याच्या मिनिटांच्या कोष्टकात येते. तोंडी विचारलेली मिनिटे नेहमी गोल असतात, म्हणून लॉगबुकातून घ्या. लालवरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून लालवर जाण्याचा आकडा सारखा धरू नका. आणि एखाद्या शेडच्या सुताअभावी माग उभे असतील, तर ती शेड पहिल्या दोनांत आलीच पाहिजे अशी अट घाला. मशीनची २५ मिनिटे वाचवून सहा माग तासभर बसवून ठेवणे हा घाट्याचा सौदा.

प्रश्न: होटगी रोडला फॅब्रिकेशनचे काम करतो. ६ मीटरच्या पाइपमधून २.४ मीटरचे २०, १.८ मीटरचे २० आणि १.१ मीटरचे ३० तुकडे हवेत. मोठा तुकडा आधी कापायचा, या रीतीने २१ पाइप लागतात. कमी होतील का?

उत्तर: होतील, २० मध्ये बसते. आणि २० पेक्षा कमीत बसणारच नाही, हे काम सुरू करण्याआधीच सांगता येते. सगळ्या तुकड्यांची बेरीज ४८ + ३६ + ३३ = ११७ मीटर. भागिले ६ केले की १९.५. अर्धा पाइप दुकानदार देत नाही, म्हणून तळ २० चा. कुठल्याही कटिंगच्या कामात हा भागाकार आधी करा. तळ गाठला की शोध थांबवायचा, सॉफ्टवेअर रात्रभर चालवत बसायचे नाही.

तुमचे २१ कसे होतात? २.४ चे दोन-दोन करून १० पाइप जातात आणि प्रत्येकात १.१ चा एक तुकडा निघतो. इथवर उत्तम. पुढे १.८ चे तीन-तीन कापता आणि दरवेळी जवळजवळ ६० सेंटीमीटर भंगारात जाते. तीनचा मोह सोडा. १.८ चे दोन आणि १.१ चे दोन असा साचा धरा, बेरीज ५.८. असे १० पाइप कापले की १.८ चे २० आणि १.१ चे २० निघतात. पहिल्या दहातले १० धरून १.१ चे ३० पूर्ण.

कागदावर आणखी एक साचा फार गोड दिसतो: २.४ + १.८ + १.८, बरोबर ६ मीटर, वाया शून्य. तो कापू नका. कटरचे चाक दर कापाला साधारण ३ मिलिमीटर खाते. दोन काप म्हणजे ६ मिलिमीटर, आणि शेवटचा तुकडा तेवढा आखूड. हिशेबात हे बसवायची सोपी युक्ती आहे: प्रत्येक तुकड्यात ३ मिलिमीटर मिळवा आणि पाइपच्या लांबीतही एकदाच ३ मिळवा. मग २४०३ + १८०३ + १८०३ = ६००९ होतात आणि पाइप ६००३ चा, म्हणजे साचा आपोआप बाद. गिरणीतून आलेला पाइप कधी ६ मीटरपेक्षा थोडा जास्त भरतो, पण तो टेपने मोजल्याशिवाय धरू नये.

मापे दहा-बारा प्रकारची झाली की साचे हाताने सुचत नाहीत. गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ मध्ये दिलेली रीत सगळे साचे आधी लिहीत बसत नाही. चालू उत्तरात कोणत्या मापाच्या तुकड्याला किती 'किंमत' आहे ते काढते आणि त्या किमतीत परवडणारा नवा साचा शोधते. असा साचा मिळेनासा झाला की अपूर्णांकातले सर्वोत्तम उत्तर हाती येते. ते पूर्णांकात आणताना एखादा पाइप वाढू शकतो.

प्रश्न: शाळेचे गणवेश शिवतो. आधी कटिंग, मग शिलाई. मेमध्ये ऑर्डरी एकदम येतात. कोणता लॉट आधी घ्यावा?

उत्तर: टप्पे दोनच असतील आणि सगळे काम लवकरात लवकर संपवायचे असेल, तर जॉन्सन यांचा १९५४ चा नियम अचूक उत्तर देतो आणि तो कागदावर करता येतो. सर्व लॉटचे दोन्ही टप्प्यांचे तास लिहा. त्यांतला सर्वांत लहान आकडा शोधा. तो कटिंगचा असेल तर लॉट रांगेत पुढून बसवा, शिलाईचा असेल तर मागून. तो लॉट खोडा आणि पुन्हा तेच करा.

समजा चार लॉट आहेत. क: कटिंग ४ तास, शिलाई ५. ख: ४ आणि १. ग: २ आणि ६. घ: ६ आणि ३. सर्वांत लहान १, तो ख च्या शिलाईचा, म्हणून ख शेवटी. मग २, ग च्या कटिंगचा, म्हणून ग पहिला. मग ३, घ मागून दुसरा. उरलेला क मध्ये. क्रम ग, क, घ, ख. ग ची शिलाई २ ते ८, क ची ८ ते १३, घ ची १३ ते १६, ख ची १६ ते १७. ऑर्डर आल्या त्या क्रमाने गेलात तर १९ तास लागतात. १७ च्या खाली जाणे अशक्य, कारण शिलाईच १५ तासांची आहे आणि पहिला कापलेला ढीग हातात यायला किमान २ तास लागतात.

नियमाच्या मर्यादा मात्र नीट पाहा. तो सगळी शिलाई लाइन एकच मशीन धरतो आणि लॉट पूर्ण कापून झाल्यावरच शिलाईला जातो असे मानतो. तुम्ही शंभर-शंभर नगांचे गठ्ठे पुढे सरकवत असाल तर हे आकडे बदलतील. इस्त्री-पॅकिंग तिसरा टप्पा म्हणून आणला की अचूकतेची हमी सहसा जाते.

मुख्य म्हणजे त्याला तारखा कळत नाहीत. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे 'सगळे केव्हा संपेल' यापेक्षा 'किती शाळांचा माल चुकेल' हाच तुमचा खरा प्रश्न असावा. त्याला मूर यांची १९६८ ची रीत आहे. जिथे काम अडते तो एकच टप्पा धरा, तुमच्याकडे बहुधा शिलाई. ऑर्डरी तारखेप्रमाणे लावा आणि एकेक घेत चला. एखादी चुकते आहे असे दिसले की त्या वेळपर्यंत घेतलेल्यांतली सर्वांत जास्त तास खाणारी ऑर्डर उचलून रांगेच्या शेवटी टाका. चुकणाऱ्या ऑर्डरींची संख्या किमान येते. मात्र ती जी एक ऑर्डर मागे ढकलते ती तुमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची असू शकते! मग नियम बाजूला ठेवून त्या शाळेशी आधीच बोलून घ्यावे.

प्रश्न: बाळ्याहून टेम्पो निघतो, शहरातल्या २५ दुकानांना माल देतो. नकाशावरून काढलेला मार्ग ड्रायव्हर पाळत नाही.

उत्तर: ड्रायव्हरचे बरोबर असण्याची शक्यता जास्त. तुम्ही बहुधा सरळ रेषेतले अंतर घेतले आहे. सोलापुरात रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंची दुकाने नकाशावर शेजारी दिसतात, टेम्पोला मात्र पूल गाठावा लागतो. प्रत्येक जोडीचे अंतर मिनिटांत घ्या, जाताना आणि येताना वेगळे.

मग 'सर्वांत जवळचे दुकान पुढे' या रीतीने कच्चा मार्ग काढा. तो शेवटी शेवटी बिघडतो, कारण सुटलेली दुकाने चार कोपऱ्यांत राहतात. त्याला टू-ऑप्टने सुधारा: मार्गातले दोन टप्पे तोडायचे, मधला भाग उलट फिरवायचा, वेळ कमी झाली तर ठेवायचा. सुधारणा थांबेपर्यंत चालू. एकेरी रस्ते असतील तर उलटवलेल्या भागाची वेळ नव्याने मोजा. फक्त दोन टोके बदलून हिशेब करणारे तयार प्रोग्राम इथे चुकतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरचे आकडे वेगळेच धरावे लागतील.

प्रश्न: एक्सेलचा सॉल्व्हर कधी 'रेषीय अटी पाळल्या जात नाहीत' असे सांगून थांबतो. का?

उत्तर: बदलत्या सेलवर (ज्यांचे आकडे सॉल्व्हरने ठरवायचे त्या) कुठेतरी इफ, मॅक्स, राउंड आहे किंवा दोन बदलत्या सेलचा गुणाकार आहे. फक्त रेषीय सूत्रे सोडवणाऱ्या सिंप्लेक्स पर्यायाला हे चालत नाही. 'शेड चालवली तर धुण्याचा खर्च' असा इफ असेल तर ० किंवा १ घेणारी वेगळी सेल करा आणि 'या शेडचे किलो ≤ मशीनची क्षमता × ती सेल' अशी अट घाला. पूर्णांक घेताना पर्यायांतली पूर्णांक सहनशीलता मुळात १ टक्का असते, ती ० करा, नाहीतर सॉल्व्हर जवळपासच्या उत्तरावर समाधान मानतो. २०० पेक्षा जास्त बदलत्या सेल मात्र त्यात बसत नाहीत.

प्रश्न: अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेच्या वेळापत्रकासाठी सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग वापरले. दरवेळी वेगळे उत्तर येते आणि एक-दोन तासांना एकच शिक्षक दोन वर्गांत असतो.

उत्तर: वेगळे उत्तर येणे हा दोष नाही, पद्धतच यादृच्छिक आहे: ती उत्तरात छोटे बदल, म्हणजे चाली, करत जाते आणि अटी मोडल्याचा दंड वाढवणारी चालही कधीकधी स्वीकारते. बीज, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात, ठरवून दिलेत तर तेच उत्तर पुन्हा येईल. दुसरी गोष्ट मात्र दोष आहे. शिक्षकाची टक्कर आणि 'गणित सकाळी हवे' ही पसंती तुम्ही एकाच दंडात मिसळली असणार. टक्करीचा दंड इतका ठेवा की साऱ्या पसंती एकत्र करूनही तो ओलांडला जाणार नाही. त्याहून चांगले म्हणजे चाल अशीच निवडा की टक्कर होणारच नाही.

तापमानही, म्हणजे वाईट चाल किती सहज स्वीकारायची ते ठरवणारा आकडा, तपासा. किर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या लेखापासून रूढ असलेल्या नियमात दंड ५ ने वाढवणारी चाल तापमान १० असताना सुमारे ६१ टक्के वेळा स्वीकारली जाते आणि तापमान १ वर हजारात सातदा. तुमचे दंड शेकड्यात असतील आणि सुरुवातच १० पासून असेल, तर शोध पहिल्याच खड्ड्यात अडकतो. दर पायरीला ०.९५ ते ०.९९ ने गुणून सावकाश उतरा.

अहवालात एकच सुंदर निकाल छापू नका. वीस बीजांचे सर्वांत चांगले, मधले आणि सर्वांत वाईट असे तिन्ही आकडे द्या. आणि तेच वेळापत्रक गूगलच्या मोफत ओआर-टूल्समधल्या सीपी-सॅट या अटी पाळून उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामला देऊन पाहा. एका शाळेएवढ्या कामात टक्करी टाळणे त्याला सहसा जड जात नाही, आणि अटींतून मार्गच निघत नसेल तर तेही तो सिद्ध करून सांगतो, जे अ‍ॅनिलिंग कधीच सांगणार नाही.